मराठी ख्रिस्ती साहित्यातील ‘तारणारा’

मराठीत ‘तारण’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या ठिकाणी ऐकू येतो. सावकाराकडे, आणि आता बँकेत, कर्जापोटी जे ठेवून घेतले जाते ते तारण. आणि ख्रिस्ती उपासनेत उपदेशक ज्याची ग्वाही देतो तेही तारणच. कोशकार या दोन अर्थांना स्वतंत्र क्रमांक देऊन मोकळे होतात. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या शेजाराचा विचार करावा लागतो. ‘तारणे’ म्हणजे पैलतीरी नेणे, ही प्रतिमा भक्तिकाव्याच्या अंगवळणी पडलेली आहे. भवसागर, नाव आणि नावाडी यांवाचून आपल्या संतांचे पान हलत नाही. ख्रिस्ती धर्मविचारात या प्रतिमेच्या जोडीला दुसरी एक प्रतिमा आहे, आणि ती देण्याघेण्याच्या व्यवहारातून आलेली आहे. गहाण पडलेल्या माणसाला दुसऱ्या कोणी मोल देऊन सोडवले, ही ती प्रतिमा होय. कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनांतील ‘सोडवणदार’ हा शब्द तिच्या अधिक जवळचा आहे. नाव पैलतीराला लागेपर्यंत प्रवाशाच्या जिवात जीव नसतो. गहाण सुटले की ते सुटलेच. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ही सोडवणूक इतिहासात एकदाच आणि पुरती घडून गेली आहे. मग सुटलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे? मराठी ख्रिस्ती साहित्याचे मोल करताना हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ही वाङ्मयपरंपरा केवळ धर्मप्रसारार्थ आहे, असे म्हणून एका पक्षाने तिला बाजूला सारले. दुसऱ्याने ती वारकरी परंपरेसारखी आहे, एवढ्यासाठीच तिला जवळ केले.

या परंपरेच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ उभे आहे. ते १६१६ साली प्रथम छापले गेले, आणि तेही रोमन लिपीत. साष्टीच्या ज्या श्रोत्यांसाठी हा इंग्रज जेज्वीट ओवीकडे वळला, त्यांची जुनी देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडलेली होती आणि जुन्या पोथ्यांवर बंदी होती. रिकाम्या झालेल्या जागी पुराणच हवे होते; कोरड्या प्रश्नोत्तरीने ती जागा भरली नसती. स्टीफन्सने हे ओळखले, यात त्याची काव्यदृष्टी आहे. ती जागा रिकामी कशी झाली याविषयी मात्र वाचकाला त्याच्या काव्याबाहेर पाहावे लागते. त्याच्या अकरा हजारांच्या घरातील ओव्यांतून तारणारा येतो तो पुराणपुरुषाच्या थाटात. आदिपुरुषाच्या पतनापासून त्याची वाट पाहिली जाते, तो अवतरतो, मरण पत्करतो आणि विजयी होतो. कथनाचा हा विस्तार भव्य आहे. परंतु श्रोता तेथे श्रोताच राहतो. कथा संपल्यावर तो घरी जातो, आणि घरी काय घडते हे सांगणे पुराणाच्या कक्षेत बसत नाही.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) ते घर उघडले. तथापि विधवांच्या दैन्याचे प्रसंग जितके जिवंत आहेत, तितकीच तारणाविषयीची संभाषणे पाठ केल्यासारखी वाटतात. तारणारा त्या कादंबरीत उत्तर म्हणून येतो; आधी मांडलेल्या दुःखातून तो वर येत नाही.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर लगेचच त्यांचा आपल्या धर्ममातांशी वाद सुरू झाला. ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्रैक्य, चर्चचा अधिकार यांपैकी काहीही केवळ सांगितले म्हणून मानायला ही संस्कृत पंडिता तयार नव्हती. त्यांची पत्रे वाचताना शास्त्रार्थाची जुनी सवय पानोपानी जाणवते. त्यांना ख्रिस्ताकडे ओढून नेले ते दुसऱ्याच गोष्टीने. लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची भगिनी सेवा करीत होत्या, ते त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना जवळ का करावे, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ज्या धर्मव्यवस्थेत त्या वाढल्या, तिच्यात अशा स्त्रीला प्रायश्चित्त होते, आश्रय नव्हता. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या अनुभवकथनात रमाबाई एक विलक्षण कबुली देतात. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. धर्म आणि तारणारा यांतील हे अंतर इतक्या स्पष्टपणे नोंदवणारे लेखन आपल्याकडे विरळाच. चरित्रकार ही कबुली पुष्कळदा भावनेचा उमाळा म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही. रमाबाईंच्या पुढील सर्व कार्याचा तर्क तीत आहे. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या मुली शेती, विणकाम, तेलघाणा आणि खिळे जुळवण्याचे काम शिकल्या. ‘मुक्ती’ हा मोक्षशास्त्रातला शब्द तेथे हाताला काम आणि पोटाला अन्न या अर्थाने वावरू लागला. मूळ भाषा शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापले गेले, आणि १९२२ साली झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर ते प्रसिद्ध झाले. रूढ भाषांतरातील ज्या शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येतो असे त्यांना वाटले, ते त्यांनी कटाक्षाने टाळले. हा आग्रह वाङ्मयदृष्ट्या फलदायी ठरला असे म्हणवत नाही. वाक्ये मुळाला इतकी चिकटतात की अनेकदा मराठीचा ओघच खंडित होतो. पण आग्रहामागची भीती खोटी नव्हती. परिचित शब्दाबरोबर परिचित अर्थही येतो, आणि नवे ते कानावर पडूनही ऐकू येत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नेमका उलट मार्ग धरला. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते इतके उद्धृत झाले की टिळकांचा अभंग म्हणजे ख्रिस्ती पेहरावातला तुकोबांचाच अभंग, असे विद्यार्थी वर्गात बिनदिक्कत सांगतात. छंद, आर्तता, सलगी हे सारे तेथलेच आहे, हे मान्य. परंतु तुकोबांच्या अभंगातली तळमळ पुष्कळदा न भेटलेल्या देवाची आहे. रुसवा, भांडण, निराशा हे सर्व त्या विरहातून येते. टिळकांच्या अभंगांत दुःख असते ते बहुधा निराळ्या जातीचे असते: जो आधीच येऊन गेला, ज्याने आधीच मोल चुकते केले, त्याला आपण शोभत नाही, हे ते दुःख. पूल तोच आहे, पण पलीकडचा काठ निराळा आहे. टिळकांच्या गोड अभंगांनी हा फरक झाकून टाकला, आणि आपण समीक्षकांनी त्या झाकण्यालाच समन्वय असे नाव दिले. टिळकांच्या आयुष्याने मात्र तो झाकला नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. मोल जर एकदाच आणि सर्वांसाठी दिले गेले असेल, तर पंगतीला कोणी बसावे हे नोंदवहीने कसे ठरवायचे, असा प्रश्न त्या कृतीतून उभा राहतो.

पंगतीचा खरा इतिहास मात्र लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिला. १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तारण, प्रायश्चित्त, अनुग्रह यांवर निरूपण जवळजवळ नाही. म्हणून हे पुस्तक धार्मिक नव्हे, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते मराठी ख्रिस्ती श्रद्धेचे सर्वांत विश्वसनीय पुस्तक वाटते. त्याचा आरंभच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने होतो. बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणाऱ्या त्या घरात शुद्धी ही रोज कमवायची आणि रोज गमवायची गोष्ट होती. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या. नगरला आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांच्या मनातला बदल कोणत्याही प्रवचनाने घडला नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हा विचार एकाएकी आला, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला हरकत उरली नाही. बाप्तिस्मा पुढे, १९०० साली झाला. चूल आधी बदलली आणि मत मागाहून. पापक्षालनाचा सिद्धांत ज्यांना पाठ होता, त्यांच्यापैकी अनेकांना जे साधले नाही, ते या बाईने पाण्याच्या भांड्यापाशी साधले. वडिलांचे ते धुणे आता संपले होते. प्लेगच्या दिवसांतील त्यांची रुग्णसेवा वाचताना लक्षात येते की स्पर्शाचे भय गेल्यावर मरणाचे भयही सैल पडते. हे सर्व त्या आपल्या विनोदी, किंचित तिरकस सुरात सांगतात. स्वतःच्या भल्या कामाकडे पाहतानाही हसू ओठांवर असते.

येथे एक उणीव नोंदवली पाहिजे. आतापर्यंत उल्लेखिलेले बहुतेक मराठी लेखक उच्चवर्णीय घरांतून आलेले आहेत. नगर जिल्ह्यातील ज्या महार आणि मांग कुटुंबांनी मोठ्या संख्येने ही श्रद्धा स्वीकारली, त्यांना तारणारा सोवळ्यापासून सोडवायला आलेला नव्हता. त्यांचे गहाण वेगळे होते. चर्चमध्ये आल्यावरही जात पायरीपाशी थांबली नाही. त्यांची भजने गावोगावी गायली जातात, परंतु आपल्या वाङ्मयेतिहासांत त्यांना परिशिष्टाएवढीही जागा मिळालेली नाही. वसईच्या ख्रिस्ती लेखकांची दखल अलीकडे घेतली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नगरच्या भजनांकडे पाहायला मात्र अजून कोणी बसलेले नाही.

१९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. तारणाऱ्याचे ते महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरे त्यांना टिळकांनीच शिकवली होती.