मागच्या भिंतीत दार नव्हतं

'जॉब सिम्युलेटर' हा व्हीआर गेम २०१६ साली आला. मी तो बऱ्याच उशिरा खेळलो, तोही कामाचा भाग म्हणून. साल २०५०. सगळी कामं रोबोट करतात आणि माणसं पूर्वी 'नोकरी' नावाचा प्रकार कसा करायची, हे दाखवणारं एक संग्रहालय त्यांनी उभारलंय. हेडसेट चढवून आपण त्यात शिरतो. समोर तरंगणारा रोबोट कामं सांगतो, पण ती लगेच करायलाच हवीत असं नाही. सूप करताना पातेल्यात नको ते टाका. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर जी वस्तू ठेवाल, तीच दुसरी तयार होऊन बाहेर पडते. चिडून मग फेकला, तरी चालतं.

गेम म्हणजे ट्रेनिंगची टिंगल आहे. मी ट्रेनिंगच बनवतो, त्यामुळे तासाभरानंतर मला हसू येईना.

आम्ही एका कारखान्यासाठी आग विझवण्याची ॲक्टिव्हिटी बनवली होती. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, फवारा डावीउजवीकडे फिरवा. चार स्टेप्स. आमच्यात सिलिंडर निळा चमकायचा, म्हणजे कशाला हात घालायचा हे आधीच कळलं. पिन निघेपर्यंत दांडा दाबलाच जायचा नाही. नेम ज्वाळांच्या शेंड्याकडे गेला की खाली बाण दिसायचा. युनिटीच्या टूलकिटमध्ये सॉकेट नावाची सोय आहे: वस्तू ठरलेल्या जागेच्या आसपास आणून सोडली की ती आपसूक चपखल बसते. मला ती फार आवडते, अर्धे बग तिथेच मरतात. वापरणाऱ्याच्या अर्ध्या चुकाही तिथेच मरतात, हे तेव्हा सुचलं नव्हतं. तिसरी स्टेप होईपर्यंत चौथीला कुलूप. 'चुकला' अशी अवस्थाच माझ्या कोडमध्ये नव्हती; होतं ते 'झालं' आणि 'अजून व्हायचंय'.

डेमोच्या दिवशी पन्नाशीचे एक ऑपरेटर आले. सिलिंडर उचलला, पण आगीकडे न बघता मागे वळले.

"अहो, बाहेर पडायचं दार कुठंय?"

"काका, ते नाही दाखवलेलं यात. तुम्ही समोर बघा."

तरी ते दोन पावलं मागे सरकले आणि हद्दीची लाल जाळी डोळ्यांसमोर आली. आग विझवताना दार पाठीशी असावं, विझली नाही तर निघता यावं, ही अगदी प्राथमिक शिकवण. त्यांना ती पाठ होती. आमच्या सॉफ्टवेअरला नव्हती. मागे नुसती भिंत होती, त्यावर विटांचं चित्र. वेळ जास्त लागला म्हणून त्या बॅचमध्ये सगळ्यात कमी मार्क त्यांना पडले. ती स्कोअरशीट मीच एक्स्पोर्ट केली.

मग मी जुनी यंत्रं शोधत बसलो. एडविन लिंक या अमेरिकन माणसाने १९२९ च्या सुमारास वैमानिकांसाठी एक ट्रेनर बनवला. घरचा धंदा ऑर्गन बनवण्याचा, म्हणून ते खोटं विमान ऑर्गनच्या भात्यांवर हलायचं. शिकाऊ वैमानिक झाकलेल्या कॉकपिटमध्ये, समोर फक्त मीटर. बाहेर प्रशिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र नकाशावर शाईची रेघ ओढत जायचं. त्याला 'क्रॅब' म्हणत. आतला भरकटला की रेघ भरकटायची. त्याला सावरायला बाण नाही, निळी चमक नाही. नंतर दोघांना तो कागद समोर ठेवून बोलता यायचं. आमच्या रिपोर्टमध्ये होतं काय, तर 'पास' आणि सेकंद.

अर्थात, चमक अगदीच फालतू नाही. हेडसेट पहिल्यांदा चढवलेला माणस भांबावतो. त्याला कंट्रोलरचं बटण शोधायला लावणं म्हणजे भलत्याच गोष्टीची परीक्षा. आणि 'जॉब सिम्युलेटर' गिरवावा, असंही मी म्हणणार नाही. त्यात वस्तू पकडली की आपला हात गायब होतो, हाताच्या जागी नुसती वस्तू दिसते. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. गेम म्हणून ही युक्ती झकास. पण सिलिंडर कसा धरलाय, हेच शिकवायचं असेल तर? शिवाय टोमॅटो असो की गाडीचा पार्ट, हाताला वजन एकच, कंट्रोलरचं. आमचा सहा किलोचा सिलिंडरही तसाच, हवेसारखा हलका. तिथे चुकायला मोकळीक आहे, पण चुकीने कुणाचं काही बिघडत नाही. सूप बिघडलं तर गंमतच. आमच्याकडे बिघडायला बरंच काही होतं, आणि आम्ही चुकूच दिलं नाही.

मागच्या भिंतीत आता दार आहे. स्टेप्सची कुलुपं काढलीत, चुकीच्या जागी फवारा मारला तर आग वाढते, आणि माणूस कुठे उभा होता याची रेघ रिपोर्टमध्ये निघते. पहिल्या चाचणीत निम्मे लोक नापास झाले. ॲक्टिव्हिटी बिघडलीय का, असा मेल आलाय. ब्रँच अजून मर्ज झालेली नाही.