‘देवकण’ नव्हे, हिग्ज बोसॉन

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनसारखा नवा कण सापडल्याचे जाहीर केले आणि मराठी वृत्तपत्रांत ‘देवकण’ अवतरला. या नावाला आमचा आक्षेप आहे. लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकावरून ते प्रचारात आले. कणाच्या गुणधर्मांशी त्याचा संबंध नाही. उलट ‘बोसॉन’ या शब्दात सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव आहे. ‘देवकण’ म्हणताना नेमके तेच पुसले जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘विश्वातील सर्व वस्तुमान या कणामुळे’ असे विधान अनेक लेखांत आढळते. ते बरोबर नाही. इलेक्ट्रॉन, क्वार्क अशा मूलकणांना वस्तुमान मिळते ते हिग्ज क्षेत्रामुळे. कण हा त्या क्षेत्राचा पुरावा. आता प्रोटॉनचा हिशेब पाहू. त्याचे वस्तुमान, ऊर्जेच्या एककात, सुमारे ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यातील तीन क्वार्कांची बेरीज जेमतेम ९, म्हणजे शेकडा एक. बाकीचे येते ते क्वार्कांच्या गतीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलक्षेत्राच्या ऊर्जेतून.

यामुळे शोधाचे मोल कमी होत नाही. १९६४ साली मांडलेली कल्पना ४८ वर्षांनी प्रयोगात उतरली. शिक्षकांनी फलकावर बातमीचे कात्रण जरूर लावावे. शेजारी ९३८ आणि ९ हे आकडे लिहून बाकीचे वस्तुमान कुठून आले, हे विद्यार्थ्यांना विचारावे.