पानगीतलं पाणी

जव्हारला येणारा पाहुणा जयविलास राजवाडा पाहतो, दाभोशाचा धबधबा पाहतो आणि पावसाळ्याचे दिवस असले तर परतताना रस्त्याकडेच्या बाईकडून चार काकड्या घेतो. मीठ-तिखट लावून त्या गाडीतच फस्त होतात. छान लागतात, वाद नाही. पण ही झाली कोवळी काकडी. तिची खरी रंगत पुढे, काकडी जून झाल्यावर.

ही काकडी निव्वळ पावसावरची. नागली-वरईच्या उतारावर, भातखाचराच्या बांधाला, नाहीतर अंगणातल्या मांडवावर तिचा वेल चढतो. भाद्रपद सरता सरता पानांआड राहून गेलेली फळं मांडीएवढी होतात, हिरवी साल पिवळी पडते, मग तांबूस. हेच तवसं. बिया टणक, गाभा आंबूस. नुसतं खायला कुणी हात लावत नाही. पानगीला, म्हणजे केळीच्या पानात भाजायच्या भाकरीला, मात्र तेच हवं.

पानगी मी आधीही खाल्ली होती, पण नीट पाहिली ती जव्हारजवळच्या एका पाड्यावर. आजींनी तवशाचं टोक कापलं आणि आधी जिभेला लावून पाहिलं. एक कडू निघालं तर अख्खी परात वाया. मग गाभा-बिया काढून सुपात बाजूला ठेवल्या, गर किसला, त्यात चिमूटभर मीठ आणि चुरलेला गूळ घालून परात झाकून ठेवली. मी विचारलं, पाणी कधी घालायचं? त्या हसल्या. ‘पाणी कशाला? तवशात हाय की.’

सगळी पानगी या उत्तरात आहे. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. मीठ आणि गूळ ते ओढून बाहेर काढतात; थोड्या वेळानं झाकण काढलं तर कीस रसात पोहत असतो. त्या रसात मावेल तेवढंच तांदळाचं पीठ. बेकरीतला हिशेब पिठापासून सुरू होतो: पीठ शंभर धरायचं, पाणी, साखर, लोणी त्याच्या टक्क्यांत. इथे हिशेब उलटा. फळ आधी बोलतं, पीठ मागून येतं. म्हणून दोन घरच्या पानग्या सारख्या नसतात आणि एकाच घरच्या दोन दिवसांच्याही नसतात. आदल्या रात्री पाऊस झोडपून गेला असेल तर पीठ मूठभर जास्त.

केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ केलं, त्याला खुरासणीच्या तेलाचं बोट लावलं. सरसरीत पीठ पसरून वर दुसरं पान. मग लोखंडी तवा, चुलीत बेताचा जाळ आणि वाट पाहणं. आधी पानाच्या कडेनं वाफ निघते, वास ओल्या गवताचा. पान तपकिरी होतं, मग काळं, आणि वास पालटतो: आता गूळ बोलायला लागलेला असतो. तेव्हा उलटायची.

वरचं पान सोललं की पानगीवर त्याच्या शिरा समांतर उमटलेल्या दिसतात. मधला भाग फिका, मऊ, कड गडद. त्या कडेतच तव्यावर काय घडलं ते दिसतं. पिठात पाणी आहे तोवर त्याचा ताप शंभर अंशांपलीकडे फारसा चढत नाही; ते फक्त शिजतं. कडेचं पाणी आधी संपतं, तिथे ताप वर चढतो आणि गूळ करपायच्या अलीकडे येऊन थांबतो. म्हणून घास कडेकडून घ्यावा: आधी किंचित कडवट गोडी, मग तांदळाचा मऊपणा, शेवटी तवशाचा पुसट आंबूसपणा.

कोकणातलं धोंडस हे हिचं सधन भावंड. त्यातही तवसंच, पण खोबरं, वेलची, तूप यांची संगत, आणि भांड्याच्या वर-खाली निखारे. धोंडस मला आवडतं. पण त्यात तवसं पंक्तीतला एक पाहुणा असतं. पानगीत दुसरं कुणी नाही, फळ उघडं पडतं.

या साधेपणाचं कौतुक करताना जीभ जरा चावावी लागते. याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणानं मुलं गेली. नवं भात घरात येईपर्यंतचे पावसाळी महिने इथे ओढीचे. तवसं येतं ते त्या ओढीच्या शेवटाला. कीस घातला की मूठभर पिठाचं पोटभर होतं, हेही पानगीबद्दल बोलताना सोडून चालत नाही.

शहरात येऊन मी ती ओव्हनमध्ये करून पाहिली. बाजारातली सडपातळ कोवळी काकडी, केळीच्या पानाऐवजी बटर पेपर, १८० अंश, आणि धीर सुटून घातलेला चिमूटभर सोडा. फुगली, पण चव कशाचीच नव्हती. कोवळ्या काकडीत पाणी होतं, आंबूसपणा नव्हता. कागदाला वासच नव्हता.

अस्सल पानगीतही एक उणेपण आहे. तांदळाचा पदार्थ निवला की ताठरतो. सकाळची पानगी रात्री चामट. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो पेटीत बसून दूरवर जातो. पानगी पाड्याबाहेर जात नाही. ती खायला आपणच जायचं, तेही पाऊस ओसरायच्या आत.

त्या दिवशी पाड्यावर शेवटचा तुकडा पानाला चिकटला होता, तो नखानं खरवडून खाल्ला. करपलेली पानं आजींनी चुलीत सारली. मग सुपातल्या बिया शेणात कालवून त्यांनी कुडाच्या भिंतीवर थापल्या. ‘मिरगाला काढायच्या,’ म्हणाल्या, आणि हात धुवायला उठल्या.