नाण्याला आठवण नसते

जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या. याच दहा वर्षांत महाराष्ट्राचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला. राज्य एकोणीसने घसरले, जिल्हा अडतीसने. यावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले, पण त्यातले बहुतेक लेखन हळहळीचे आहे. हळहळीला माझी हरकत नाही. तिच्या भरात आकडा वाचायचाच राहून जातो, एवढीच तक्रार आहे.

इथे भुसावळात हा विषय काढला की दोन स्पष्टीकरणे हमखास ऐकू येतात. पहिले असे, की निसर्गात कमीजास्त व्हायचेच. दुसरे जरा शहाणपणाचे वाटते: लोक मुलगा होईपर्यंत थांबत नाहीत, म्हणून मुलगे जास्त.

पहिल्याचा निकाल चटकन लागतो. जन्माच्या वेळी निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे असतात, म्हणजे हजारामागे ९५२ मुली. हिशेबाला पाच लाख मुले धरू. त्यांत मुली सुमारे २,४३,९०० असायला हव्यात. ८४२ च्या प्रमाणाने त्या २,२८,६०० भरतात, म्हणजे १५,००० हून अधिक कमी. एवढ्या मोठ्या संख्येत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण साडेतीनशेचा असतो. तेव्हा योगायोग बाद.

हेच गणित उलट बाजूनेही लावायला हवे, आणि ते कुणी लावत नाही. वर्षाला चाळीस जन्म होणाऱ्या गावात एका वर्षी १४ मुली-२६ मुलगे आणि पुढच्या वर्षी नेमके उलट होणे हा नुसता नाणेफेकीचा खेळ असू शकतो. प्रमाण मात्र ५३८ वरून १८५७ वर उडी मारते. अशा गावाचा एका वर्षाच्या आकड्यावरून सत्कार करू नये, आणि त्याला दोषही देऊ नये.

दुसरे स्पष्टीकरण अधिक चिवट आहे, कारण ते तर्काला पटल्यासारखे वाटते. ८०० जोडपी घेऊ. मुलगा झाला की थांबायचे, पण तिसऱ्या अपत्यापलीकडे जायचे नाही. सोयीसाठी मुलगा-मुलगी समसमान शक्य धरू. पहिल्या खेपेला ४०० मुलगे, ४०० मुली. उरलेल्या ४०० घरांत पुढे २०० मुलगे, २०० मुली. त्यातल्या २०० घरांत शेवटी १०० मुलगे, १०० मुली. बेरीज ७०० मुलगे आणि ७०० मुली. कुठे थांबायचे हे जोडप्याच्या हाती असले तरी प्रत्येक जन्म म्हणजे नव्याने फेकलेले नाणे, आणि नाण्याला मागच्या फेकीची आठवण नसते. मुलग्याची वाट पाहिल्याने मुली कमी होत नाहीत.

पण आपल्या देशातल्या नाण्याला आठवण आहे. प्रभात झा, राजेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या पाहणीतल्या अकरा लाख घरांची माहिती तपासून २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या अपत्यात हजार मुलग्यांमागे ७५९ मुली होत्या, आणि आधीच्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या अपत्यात ७१९. आधीचे मुलगे असलेल्या घरांत ही तूट नव्हती. ‘हेपेटायटिस बी’मुळे मुलगे जास्त जन्मतात, असा सिद्धान्त एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञ बाईंनी २००५ मध्ये मांडला होता. २००८ मध्ये त्यांनी स्वतःच तो मागे घेतला, हे त्यांच्या मोठेपणाचे. वरची क्रमवारी पाहिली तरी तो टिकत नाही. थोरली बहीण आहे की भाऊ, हे विषाणूला कसे कळणार? ते आईबापांना आणि सासूला कळते. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्र, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. जळगावची ८८० ते ८४२ ही घसरण हे दोन्ही कायदे होऊन गेल्यावर झाली.

आता त्या ८०० घरांकडे पुन्हा पाहू, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. तिथे प्रमाण अगदी हजारास हजार आहे. तरी ७०० मुलग्यांपैकी ४०० एकुलते आहेत आणि एकुलती मुलगी एकही नाही. दूध, शाळेची फी, आईचा वेळ, सगळ्याला मुलीच्या घरी भागीदार आहेत. कुणी कुणाचा गर्भ पाडलेला नाही, कुणी मुलीला मुद्दाम कमी वाढलेले नाही, तरीही वाटा कमी. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने म्हणूनच शेवटच्या अपत्याकडे बोट दाखवले: एका अपत्यावर थांबलेल्या घरांत दर १०० मुलींमागे १८२ मुलगे. नकोशा असून जन्मलेल्या, पंचविशीपर्यंतच्या मुली त्या पाहणीने २ कोटी १० लाख मोजल्या.

या मुलींना मराठीत नावही होते. साताऱ्यात २०११ मध्ये ‘नकुसा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. नकुसा बहुधा तिसरी किंवा चौथी मुलगी असते. ती जन्मली, जगली, म्हणून बाललिंग गुणोत्तरात ती चांगल्या बाजूला मोजली जाते. जिल्ह्याचे प्रमाण सुधारले अशी बातमी येते, तेव्हा त्यात किती घरे पहिल्या मुलीवर थांबली हे मी शोधतो. तो रकाना बातमीत नसतो.