‘लो’वरून लोपामुद्रा

भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणावर मुलगी जन्मली की गुरुजी पंचांग पाहून ‘लो’ हे अक्षर काढून देतात आणि घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. भरणीची अक्षरं ली, लू, ले, लो. ‘ली’वाल्यांना लीना, लीला, लीलावती मिळतात, ‘ले’वाल्यांना निदान लेखा तरी. ‘लो’ला लोचना आठवते आणि गाडी अडते. मग एखादी वाचन करणारी मावशी ‘लोपामुद्रा’ सुचवते. बहुतेक घरांत हे नाव सुचताक्षणीच बाद होतं. एक तर लांबलचक, आणि दुसरं म्हणजे बारशाच्या दिवशी ‘लोप’ कशाला हवा?

लांबीचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो कानाने लगेच निकाली निघतो. लो, पा आणि द्रा ही अक्षरं उघडच दीर्घ. ‘मु’ ऱ्हस्व खरा, पण पुढे ‘द्र’ हे जोडाक्षर आल्यामुळे छंदाच्या हिशेबात तोही गुरू ठरतो. म्हणजे चारच अक्षरं, चारही गुरू. हे नाव लागोपाठ दोनदा म्हटलं की विद्युन्माला वृत्ताचा अख्खा चरण तयार होतो, आठ गुरू आणि चौथ्यावर यती. नाव लांब नाही, संथ आहे. ते घाईत म्हणता येत नाही. ‘लो’ला ओठ गोल होतात, ‘पा’ला मिटून उघडतात, ‘मु’ला पुन्हा मिटतात आणि ‘द्रा’ला मोकळे सुटतात. रिया, मायरा, कियारा या नावांना जिभेवर रेंगाळायला सवडच मिळत नाही; इथे प्रत्येक अक्षरावर क्षणभर थांबावं लागतं.

‘लोप’ मात्र खरोखर विचार करायला लावतो. परंपरेने दिलेला अर्थ असा : हरिणाचे डोळे, हत्तीची चाल अशी ज्याची त्याची सौंदर्याची खूण, म्हणजे मुद्रा, हिच्यापुढे लोपली, म्हणून ती लोपामुद्रा. अर्थ गोड आहे, पण मला तो नंतर जुळवल्यासारखा वाटतो. शिवाय ‘लोप’ आणि ‘मुद्रा’ यांचा साधा समास केला तर ‘लोपमुद्रा’ व्हायला हवं. विश्व आणि मित्र मिळून ऋषीचं नाव होताना विश्वामित्र होतो, त्यातल्या ‘श्वा’साठी पाणिनीने सूत्र करून ठेवलं आहे. लोपामुद्रेच्या दीर्घ ‘पा’चं उत्तर हरिणाच्या डोळ्यांत सापडत नाही.

त्यापेक्षा पाणिनीचाच लोप मला जवळचा वाटतो. व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे. जे असायला हवं ते न दिसणं, एवढीच त्याची व्याख्या. आणि पुढची गंमत अशी की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारं कार्य होतच राहतं. त्याच्या जोडीला मुद्रा, म्हणजे ठसा, शिक्का, राजाची मोहोर, चेहऱ्यावरचा भाव. एक शब्द दिसेनासं होण्याचा, दुसरा उमटण्याचा. दोन विरुद्ध हालचाली एका नावात शेजारी बसवल्या आहेत. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होतं असा दावा मी करत नाही. पण ज्या स्त्रीने हे नाव धारण केलं तिच्याकडे पाहिलं की हाच अर्थ पटतो.

ती प्रथम भेटते ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, १७९व्या सूक्तात. सहा ऋचांचं छोटं सूक्त. परंपरेप्रमाणे पहिल्या दोन ऋचा तिच्या, पुढच्या दोन तिचे पती अगस्त्य ऋषी यांच्या आणि शेवटच्या दोन त्यांच्या शिष्याच्या. सूक्ताची देवता रती. ती सरळ बोलते. किती शरद ऋतू मी रात्रंदिवस झिजले, उगवणारी प्रत्येक पहाट वय वाढवते, म्हातारपण देहाची शोभा नेतं. पुरुषाने आता पत्नीकडे यावं. दुसऱ्या ऋचेत ती तपाच्याच बाजूने युक्तिवाद करते : सत्याचं पालन करणारे, देवांशी संवाद करणारे पूर्वजही शेवट न गाठताच थांबले. ही तक्रार नव्हे. तपस्व्याला त्याच्याच शास्त्रातले दाखले देणारी बरोबरीची बाई इथे बोलते आहे.

गंमत अशी की या दोन ऋचांत तिचं नाव कुठेच नाही. ते येतं चौथ्या ऋचेत, अगस्त्यांच्या मानल्या जाणाऱ्या ऋचेत, आणि सूक्तात तेवढ्या एकाच ठिकाणी. तेही तिसऱ्या चरणाच्या अगदी आरंभी, चार गुरूंचं वजन घेऊन. संयमाचा बांध फुटल्याची कबुली देणाऱ्या माणसाच्या तोंडून हे नाव उमटतं. तिने बोलावं अनाम राहून, आणि तिच्या बोलण्याचा परिणाम झाल्यावर दुसऱ्याने नाव घ्यावं, ही त्या सूक्ताची रचना मला फार आवडते. शिष्याची बाजूही लोभस आहे. चोरून ऐकल्याच्या अपराधी भावनेने तो शेवटच्या ऋचांत माणूस हा अनेक इच्छांनी भरलेला प्राणी आहे असं सांगून क्षमा मागतो. ‘बृहद्देवता’ हा ग्रंथ पुढचं सांगतो : गुरू आणि गुरुपत्नी हसले, त्याला जवळ घेतलं आणि तू निष्पाप आहेस म्हणाले. रागावलं कोणीच नाही!

महाभारताच्या वनपर्वात गोष्ट विस्तारते आणि आपल्याकडे सरकते. खड्ड्यात उलटे लोंबकळणारे पितर अगस्त्यांकडे वंश मागतात. त्यांना आपल्याजोगी पत्नी दिसत नाही, म्हणून ज्या प्राण्याचं जे अंग उत्तम ते घेऊन ते एक स्त्री घडवतात आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाघरी तिला जन्म मिळतो. म्हणजे लोपामुद्रा विदर्भकन्या; रुक्मिणी आणि दमयंतीच्या माहेरची. वयात आल्यावर ऋषी मागणी घालतात. राजाला ना देववतं ना शापाच्या भीतीने नाही म्हणवतं. ही कोंडी तीच फोडते : मला ऋषींना द्या. मग रेशीम आणि दागिने उतरवून वल्कलं नेसते.

इथवर ही गोष्ट कुठल्याही पतिव्रतेची आहे. वळण पुढे आहे. दीर्घ तपानंतर अगस्त्य तिला जवळ बोलावतात तेव्हा ती अट घालते. वडिलांच्या महालात होती तशी शय्या हवी, अंगावर दागिने हवेत, आणि तुम्हीही नटून या. तपाची वस्त्रं मी यासाठी विटाळणार नाही. ऋषी म्हणतात, धन कुठून आणू, तपाच्या बळावर आणलं तर तप खर्ची पडेल. ती म्हणते, तपही खर्ची घालू नका आणि धर्मही मोडू नका; पण माझे दिवस थोडे उरलेत. तीन राजांच्या दारी जाऊन ऋषी त्यांचे हिशेब पाहतात. जमा आणि खर्च सारखेच; काही घेतलं तर प्रजेला तोशीस. मग सगळे मिळून श्रीमंत असुर इल्वलाकडे जातात आणि तिथे त्याने जेवणात वाढलेला त्याचा भाऊ वातापी अगस्त्यांच्या पोटात जिरतो.

जड जेवणानंतर पोटावरून हात फिरवत अगस्तींचं नाव घेणारी पिढी अजून आहे. वातापी सगळ्यांना माहीत असतो. अगस्ती त्या पंगतीला गेले कशासाठी, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. ते बायकोने दागिने मागितले म्हणून गेले होते. लोप पावलेल्या प्रत्ययाचं कार्य ते हेच.

धन आल्यावर ते तिला विचारतात, हजार पुत्र हवेत, की दहांच्या तोडीचे शंभर, की शंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना पुरून उरणारा एक? ती एक मागते. हे बाळ, दृढस्यू, सात वर्षं पोटात राहिलं म्हणे!

दक्षिणेत ती वेगळ्याच रूपात वाहते. कोडगूच्या कथेत ब्रह्मदेवाची मानसकन्या लोपामुद्रा कवेर मुनींकडे वाढते. मला एकटीला सोडून जायचं नाही, या अटीवर अगस्त्यांशी लग्न करते. ते अट मोडतात आणि ती कावेरी होऊन निघून जाते. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर, तुळा संक्रमणाला, तळकावेरीच्या कुंडात ती उसळते असं मानतात. तिला अडवायला गेलेल्या कोडव बायकांच्या निऱ्या प्रवाहाच्या जोराने मागे फिरल्या, म्हणून तिथे साडीच्या निऱ्या आजही मागे असतात. शाक्तांकडे, म्हणजे देवीच्या उपासकांकडे, तिचा मान आणखी मोठा. श्रीविद्येचा हादि संप्रदाय तिच्या नावाशी जोडलेला आहे आणि ललितासहस्रनामात खुद्द देवीचं एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ असं आहे. नवऱ्याच्या नव्हे, उपासिकेच्या नावाने ओळखली गेलेली देवी.

एवढा ऐवज असून नाव आपल्याकडे दुर्मीळ का? गार्गी आणि मैत्रेयी आता प्रत्येक सोसायटीत सापडतात. त्यांचे प्रश्न ब्रह्माविषयी होते, ते शाळेच्या पाठात बसले. लोपामुद्रेचा प्रश्न देहाविषयी होता. तो कुठल्या इयत्तेला लावणार? अकोल्याच्या, म्हणजे प्रवरेकाठच्या अकोल्याच्या, सहकारी साखर कारखान्यालाही अगस्तींचं नाव मिळालं. रामटेकलाही त्यांचा आश्रम दाखवतात. माहेर विदर्भाचं असून तिला मात्र मुलींच्या हजेरीपटात शोधावं लागतं. नागपूरची लोपामुद्रा राऊत २०१६मध्ये ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वात आली तेव्हा अनेक मराठी घरांत हे नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं असेल.

बंगाल आणि ओडिशात हे नाव इतकं अपरिचित नाही. गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे बंगाली कानांना ते सरावाचं आहे. गुजरातीत कन्हैयालाल मुनशींनी आपल्या कृतीलाच हे नाव दिलं. बंगाल्यांचा एक फायदा असा की त्यांच्याकडे कागदावरचं चांगलं नाव आणि घरातलं डाकनाम अशी दोन नावं राजरोस असतात. मोठं नाव ठेवायची त्यांना भीती नाही; हाकेला ‘लोपा’ पुरते.

आपल्याकडे नाव ठेवलंच तर आईबाप ‘लोप’ टाळायला मागचा भाग उचलतील अशी मला शंका आहे. ‘मुद्रा’ हे स्वतंत्र नाव म्हणून ऐकूही येतं. माझं मत ‘लोपा’ला. तिच्यात निदान तो न सुटलेला दीर्घ ‘पा’ तरी शिल्लक राहतो. नुसती ‘मुद्रा’ म्हटली की बँकेतली कर्जयोजना आठवते.