वन्स मोअरचा आजार

भान हरपणे ही गोष्ट मराठी मध्यमवर्गीयाला सहसा परवडत नाही. नाटक बघतानादेखील शेवटची लोकल, घराची किल्ली आणि मध्यंतरातला बटाटेवडा यांचे भान त्याला असतेच. अशा या सावध प्राण्याला नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी काही दशके सामुदायिक भूल दिली, ही गोष्ट खरे तर वैद्यकाच्या पुस्तकात जायला हवी.

भूल तरी किती खोल? 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. गडकऱ्यांची सिंधू दारुड्या नवऱ्यापायी देशोधडीला लागते, लोकांची दळणे दळते, त्यातच एक पद म्हणते आणि थिएटरातून आरोळी येते, "वन्स मोअर!" म्हणजे, बाई, हाल फार छान झाले, पुन्हा एकदा होऊ द्या! दुसऱ्याच्या दुःखाला इतकी मनमोकळी दाद एरवी फक्त शेजारी देतात.

समीक्षकांचा आक्षेप असा, की गाण्याने नाटकाचा गळा दाबला. आक्षेप खरा आहे. पद चालू असेतो समोरचा नट हात बांधून उभा आणि कथानक बिचारे विंगेत ताटकळत. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेला टेकले, तरी त्यात नाटक किती नि बैठक किती याचा हिशेब लागायचा नाही. पण तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असल्यावर कथानकाने तरी घाई कशाला करावी म्हणतो मी!

आता दुसरी बाजू पाहा. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व संत एकनाथ झाले. दिग्दर्शक शांताराम, गळा तोच. तरी रंगभूमीवरची जादू पडद्यावर काही उतरली नाही. कारण कॅमेरा हा अत्यंत अरसिक प्रेक्षक. समोर जे असेल तेवढेच त्याला दिसते. थिएटरातल्या माणसाला मात्र पन्नाशी उलटलेल्या नटात ऐन तारुण्यातली भामिनी दिसत असे. ती दिसे, कारण निम्मे काम तो स्वतः करी.

म्हणून 'भूल' हा शब्द मी मागे घेत नाही, पण त्यात दुरुस्ती सुचवतो. भूल दिलेल्या रोग्याला शुद्धीवर आल्यावर काही आठवत नाही. इथला रोगी दुसऱ्या दिवशी कचेरीत टेबलावर ठेका धरून प्रत्येक जागा, प्रत्येक हरकत सांगू शकत होता! लोकल चुकलेली असे, समेची जागा चुकलेली नसे. नाटकाचे नुकसान झाले हे मान्य. पण ऐकणारा माणूस त्यात घडला, हे समीक्षेच्या जमाखर्चात कोणी मांडायचे?

आज मैफलीत निम्मे हात मोबाईल धरण्यात गुंतलेले असतात, टाळीला मोकळे कुठून राहणार? बटण दाबले, की तेच गाणे हवे तितक्या वेळा येते. फक्त त्यासाठी आरोळी ठोकावीशी वाटत नाही.