'सांगाडा' म्हणताना जरा थांबूया

परवा सोलापुरात नवी पेठेतील एका दुकानात जीवशास्त्राचे एक मार्गदर्शक चाळले. पेशीसांगाड्याला त्यात दोनच ओळी होत्या: तो पेशीला आकार देतो आणि आधार देतो. हे विधान चुकीचे नाही. पण त्यातून विद्यार्थ्याच्या मनात उभे राहणारे चित्र चुकीचे असते.

सांगाडा म्हटला की हाडे आठवतात. कठीण आणि कायमची. पेशीतले धागे तसे नसतात. सोलापुरी चादर एकदा मागावरून उतरली की तिची वीण कायम राहते. पेशीत मात्र एकीकडे वीण आणि दुसरीकडे उसवण सतत चालू असते, आणि म्हणूनच पेशी सरकू शकते. जखम भरून येताना कडेची पेशी आत सरकते, तेव्हा पुढच्या बाजूला ॲक्टिनचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू वाढत जाऊन पेशीपटल पुढे रेटतात. मागच्या बाजूला मायोसिन ते तंतू आवळते आणि शेपूट ओढून घेते.

मग दिशा कोण राखते? वासिलिएव, गेलफांड आणि सहकाऱ्यांनी १९७० साली फायब्रोब्लास्ट पेशींना कोलसेमिड दिले. आपल्याकडच्या कळलावीत सापडणाऱ्या कॉल्चिसिनच्याच जातकुळीतले हे द्रव्य सूक्ष्मनलिका मोडते. पेशीची कडा हलत राहिली, पण चहूबाजूंनी. पुढे-मागे हा भेदच उरला नाही. इंजिन चालू, सुकाणू गेले! अर्थात ही उपमाही ताणू नये. माशाच्या खवल्यांवरील काही पेशी सूक्ष्मनलिकांवाचूनही सरळ वाट धरतात. तिथे ॲक्टिनची मांडणीच दिशा टिकवते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. कर्करोग पसरतो तो पेशी सरकतात म्हणून. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेतील संशोधकांनी २०११ साली तोंडाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतील केराटिन ८ हे तंतू-प्रथिन कमी केले. त्या पेशींची हालचाल मंदावली, आत घुसण्याची क्षमता घटली आणि ॲक्टिनची मांडणीही बदलली. शाळेबाहेर गुटख्याच्या पुड्या पाहणाऱ्या मुलांना हे सांगायलाच हवे.

म्हणून शिक्षकमित्रहो, 'आकार व आधार' या शब्दांपुढे 'गती व दिशा' हेही फळ्यावर लिहा. आणि वर्गाला विचारा: जो सांगाडा क्षणोक्षणी मोडतो, तो आधार कसा देतो?